पासवर्ड बरोबर असतानाही

ऑपरेटिंग सिस्टीमचा अपग्रेड सुरळीत पार पडतो, मशीन पुन्हा सुरू होते, लॉगिनचा प्रॉम्प्ट समोर येतो, रोजच्या सवयीने आपण पासवर्ड टाइप करतो आणि उत्तर मिळते: ‘लॉगिन इनकरेक्ट’. माणूस पहिल्यांदा स्वतःवरच संशय घेतो. कॅप्स लॉक चालू आहे का, कीबोर्डचा लेआउट बदलला का, असे करत तो तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा, अधिकाधिक सावकाश टाइप करत राहतो. खरे तर पासवर्ड बरोबर असतो आणि खातेही शाबूत असते. बिघडलेली असते ती पासवर्ड तपासण्याची व्यवस्था. सर्व्हर सांभाळणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे हा प्रसंग मला नवा नाही आणि त्यावरचे झटपट उपायही चांगले परिचयाचे आहेत. त्या उपायांविषयीच मला मनापासून काही सांगायचे आहे, कारण त्यातले बरेचसे उपाय लॉगिन चालू करून देतात आणि त्याच वेळी तपासणी बंद पाडतात. हक्काच्या माणसाला अडवणारी चूक लगेच उघडकीला येते, कारण अडलेला माणूस तक्रार करतो. नको त्याला आत घेणाऱ्या चुकीची तक्रार करायला कुणीच येत नाही.

लिनक्सवर ही तपासणी ज्या व्यवस्थेकडे असते तिचे नाव प्लगेबल ऑथेंटिकेशन मॉड्यूल्स, रोजच्या बोलण्यात पॅम. ती येण्यापूर्वी लॉगिन, एसयू (दुसऱ्या खात्यात शिरण्याचा प्रोग्राम), एफटीपी (फाइली पाठवण्याचा) असा प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने पासवर्ड तपासत असे. तपासण्याची पद्धत बदलायची म्हटली, समजा कर्बेरॉस ही मध्यवर्ती सर्व्हरकडून ओळख पटवण्याची पद्धत आणायची ठरली, तर त्यातल्या प्रत्येक प्रोग्रामच्या कोडला हात लावून तो पुन्हा कंपाइल करावा लागे. सन मायक्रोसिस्टीम्समधील विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावाने प्रोग्राम आणि तपासणी यांची ही गाठ सोडवली: प्रोग्रामने फक्त ‘हा माणूस कोण, याला आत घ्यायचे का’ एवढे विचारावे आणि उत्तर कसे शोधायचे ते मशीन सांभाळणाऱ्याने एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवावे. पुढे लिनक्सने ही कल्पना उचलली; फ्रीबीएसडी आणि मॅकओएस यांच्याकडे तिचेच ओपनपॅम नावाचे वेगळे रूप आहे.

ही सोय मोठी आहे आणि अपग्रेडनंतरच्या बहुतेक दुखण्यांचे मूळही तिच्यातच आहे. मजकूर फाइलीत मॉड्यूलचे, म्हणजे तपासणीचा एखादा भाग करणाऱ्या सुट्या घटकाचे, नाव असते आणि प्रत्यक्ष मॉड्यूल ही डिस्कवर दुसरीकडे ठेवलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, असते. नाव लिहिणारा माणूस वेगळा, लायब्ररी पुरवणारा वेगळा. अपग्रेड लायब्ररी बदलतो, पण माणसाने हाताने बदललेल्या फाइलीला तो शक्यतो हात लावत नाही आणि त्याने लावूही नये. त्यामुळे जुन्या फाइलीतले नाव आणि नव्या डिस्कवरची लायब्ररी यांचा मेळ तुटण्याची शक्यता प्रत्येक मोठ्या अपग्रेडमध्ये असते.

ईटीसी डिरेक्टरीतल्या पॅम डॉट डी या फोल्डरमध्ये प्रत्येक सेवेची एक फाइल असते: लॉगिनची, एसएसएचडीची (दुरून लॉगिन घेणाऱ्या एसएसएच सर्व्हरची), सुडोची (एखादी आज्ञा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवणाऱ्या प्रोग्रामची), एसयूची. फाइलीतली प्रत्येक ओळ चारपैकी एका कामाची असते. ऑथ म्हणजे ओळख पटवणे, अकाउंट म्हणजे या खात्याला आत्ता प्रवेश आहे का ते पाहणे, पासवर्ड म्हणजे पासवर्ड बदलणे आणि सेशन म्हणजे आत आल्यावरची मांडामांड. ओळीतला दुसरा शब्द त्या मॉड्यूलच्या निकालाचे वजन ठरवतो. ‘रिक्वायर्ड’ नापास झाले तर प्रवेश नाही, पण पुढच्या ओळी तरीही चालवल्या जातात. ‘रिक्विझिट’ नापास झाले की तिथल्या तिथे काम थांबते. ‘सफिशंट’ पास झाले आणि आधी काही बिघडलेले नसले तर तेवढे पुरते. ‘ऑप्शनल’चा निकाल बहुधा मोजलाच जात नाही. एखादे मॉड्यूल डिस्कवर सापडलेच नाही तर पॅम ती ओळ गाळत नाही, नापास धरते. म्हणजे तीच लायब्ररी गायब झाली तरी ऑप्शनल ओळीत असली तर लॉगमध्ये एक तक्रार उमटून काम पुढे चालते आणि रिक्वायर्ड ओळीत असली तर सगळ्यांना दार बंद होते.

रिक्वायर्ड नापास झाल्यावरही पुढच्या ओळी का चालवायच्या, हा प्रश्न नवशिक्याला हमखास पडतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपण नेमके कुठे अडलो हे कळू नये म्हणून ही रचना आहे. खातेच अस्तित्वात नाही, खाते आहे पण पासवर्ड चुकला, पासवर्ड बरोबर आहे पण खाते कुलूपबंद आहे, या तिन्ही अवस्थांना बाहेरून शक्यतो एकच उत्तर मिळावे, अन्यथा चोराला एकेक पायरी चाचपत पुढे जाता येईल. म्हणूनच ‘लॉगिन इनकरेक्ट’ या संदेशावरून काहीही अनुमान काढू नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. पडद्यावरचा संदेश परक्यासाठी लिहिलेला असतो. मशीन सांभाळणाऱ्यासाठी लिहिलेले कारण लॉगमध्ये असते. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात ते व्हार लॉग या डिरेक्टरीतल्या सिक्युअर या फाइलीत सापडते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यात ऑथ डॉट लॉग ही फाइल पाहण्याची सवय आहे, पण डेबियन १२ पासून ती लिहिणारा आरसिसलॉग मुळात बसवलेलाच नसतो, त्यामुळे नव्याने उभारलेल्या मशीनवर ती फाइल शोधूनही मिळत नाही. तिथे जर्नलसीटीएल या आज्ञेने सिस्टीमची नोंदवही पाहावी लागते.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण पॅम-टॅली-२ या मॉड्यूलचे आहे. चुकीचे पासवर्ड मोजायचे आणि ठरावीक संख्येनंतर खाते बंद करायचे, हे त्याचे काम. सुरक्षेच्या कित्येक नियमावल्यांमध्ये त्याची ओळ लिहून दिलेली होती आणि माणसांनी ती वर्षानुवर्षे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नकलून नेली. लिनक्स-पॅमच्या १.४.० या आवृत्तीने २०२० च्या जूनमध्ये ते कालबाह्य ठरवून फेललॉक हे नवे मॉड्यूल दिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या १.५.० ने पॅम-टॅली, पॅम-टॅली-२ आणि पॅम-क्रॅकलिब ही तिन्ही काढूनच टाकली. ज्यांच्या फाइलीत ‘ऑथ रिक्वायर्ड पॅम-टॅली-२’ अशी ओळ राहिली, त्यांच्या लॉगमध्ये अपग्रेडनंतर दोन ओळी जोडीने दिसू लागल्या: पहिलीत ‘अनेबल टू डीएलओपन’ म्हणून त्या लायब्ररीचा पूर्ण पत्ता आणि शेवटी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, आणि तिच्या पाठोपाठ ‘अ‍ॅडिंग फॉल्टी मॉड्यूल’. या दोन ओळी एकदा नजरेत बसल्या की निदानाला वेळ लागत नाही, कारण चुकीच्या पासवर्डाची नोंद त्यांच्यापेक्षा अगदी वेगळी दिसते.

डेबियनच्या पॅकेजकर्त्यांनी इथे दाखवलेली काळजी मला मनापासून आवडते. अपग्रेड सुरू होतानाच पॅमचे पॅकेज जुन्या फाइली तपासते, त्यांत टॅलीचे नाव आढळले तर पुढे जायला नकार देते आणि ही ओळ काढल्याशिवाय अपग्रेड केला तर कुणालाही लॉगिन करता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत बजावते. तरीही अपघात होतातच. माणूस सूचना वाचून ओळ काढतो, अपग्रेड पूर्ण करतो आणि रात्री ऑटोमेशनची स्क्रिप्ट जुन्या साठ्यातली तीच फाइल पुन्हा जागेवर नेऊन ठेवते. दिवसभर चाललेले मशीन सकाळी कुणालाच आत घेत नाही आणि मधल्या काळात कुणी काहीच केलेले नसल्यामुळे संशय भलतीकडेच जातो.

अशाच एका सकाळी एका सहकाऱ्याचा फोन आला होता. “सर, पासवर्डने कुणालाच आत घेत नाहीये, पण माझी एसएसएच की चालतेय. पॅम बिघडलं असतं तर मलाही अडवलं असतं ना?” प्रश्न रास्त होता. की म्हणजे पासवर्डाऐवजी वापरायची डिजिटल किल्ली; ती वापरून येणाऱ्याची ओळख एसएसएचचा सर्व्हर स्वतः पटवतो, त्यामुळे पॅमच्या ऑथच्या ओळी त्याच्या वाट्याला येतच नाहीत. अकाउंट आणि सेशनच्या ओळी मात्र येतात. मी त्याला म्हटले, “आता सुडो करून पाहा.” सुडोने पासवर्ड मागितला आणि नाकारला, कारण सेवांच्या फाइली वेगळ्या असल्या तरी पासवर्ड तपासण्याच्या ओळी त्या बहुधा एकाच सामाईक फाइलीतून घेतात आणि सुडोही त्याच फाइलीतून तपासतो. म्हणजे तो आत होता, पण दुरुस्ती करण्याचे अधिकार त्याला मिळत नव्हते. बिघडलेले मॉड्यूल अकाउंटच्या ओळींतही असते तर कीसुद्धा कामाला आली नसती. कुठून जाता येते आणि कुठून येत नाही, एवढ्या माहितीवरूनही कोणत्या ओळींत बिघाड आहे याचा अंदाज बांधता येतो, हे त्या दिवशी त्याला नीट उमगले.

आता त्या झटपट उपायांकडे येतो. अडलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो ‘ती ओळ काढून टाका’ असा. दुसरा सल्ला ‘रिक्वायर्डच्या जागी ऑप्शनल लिहा’ असा. तिसरा, आणि हा ऐकून मला खरोखर काळजी वाटते, ‘तूर्त पॅम-परमिट टाका, मग पाहू’ असा. पॅम-परमिट हे मॉड्यूल कुणालाही, काहीही न विचारता होकार देते. ते चुकीच्या जागी पडले तर पासवर्डाची गरजच उरत नाही. या तिन्ही उपायांनी लॉगिन ताबडतोब सुरू होते, सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात आणि ‘मग पाहू’ मधला ‘मग’ कधीच येत नाही. टॅलीची ओळ नुसती काढली तर पासवर्ड तपासला जातो हे खरे, पण चुकीच्या प्रयत्नांवर कसलीच मर्यादा उरत नाही. इंटरनेटवर उघडा असलेला सर्व्हर मग दिवसरात्र चालणाऱ्या पासवर्ड-अंदाजांसमोर निमूट उभा राहतो. कुणीतरी कधीतरी विचारपूर्वक घातलेली मर्यादा अशी आपल्या हातून जाते आणि काही गेले आहे याची कुठेही नोंद राहत नाही.

बदली मॉड्यूल घालतानाही हाच धोका आहे, फक्त तो अधिक खोलवर दडलेला आहे. टॅलीच्या जागी फेललॉक असे नाव बदलून भागत नाही. फेललॉकची ओळ पासवर्ड तपासण्याच्या आधी एकदा ‘प्रीऑथ’ म्हणून आणि नंतर एकदा ‘ऑथफेल’ म्हणून लिहावी लागते. पहिली ओळ फक्त इतकेच पाहते की हे खाते आधीच बंद झालेले आहे का. चुकीच्या प्रयत्नाची नोंद करते ती दुसरी. घाईत एखाद्याने पहिलीच ओळ लिहिली तर काय होते? लॉगमधली तक्रार थांबते, लॉगिन व्यवस्थित होते, तपासणीच्या यादीत ‘फेललॉक आहे’ अशी खूणही होते, पण नोंद करणारे कुणीच नसल्यामुळे आकडा कायम शून्यावर राहतो आणि खाते कधीच बंद होत नाही. शिवाय दोन्हींच्या स्वभावातही फरक आहे. टॅली आपली मोजदाद व्हार लॉगमधल्या फाइलीत ठेवत असे, ती मशीन बंद करून सुरू केल्यावरही टिकायची. फेललॉकची नोंद मूळ मांडणीत रन डिरेक्टरीखाली असते आणि मशीन पुन्हा सुरू झाले की पुसली जाते. काही सांगितले नाही तर ते पंधरा मिनिटांत तीन चुका झाल्यावर दहा मिनिटांसाठी खाते बंद करते आणि रूटला मात्र वगळते. ज्या संस्थेचा नियम पाच चुकांचा आहे तिथे हे आकडे मुद्दाम लिहावे लागतात.

डेबियनच्या पद्धतीत आणखी एक बारीक जागा आहे, तिच्याकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. तिथल्या सामाईक ऑथ फाइलीत पासवर्ड तपासणाऱ्या ओळीवर चौकटी कंसात ‘सक्सेस=१’ असे लिहिलेले असते. अर्थ असा की पासवर्ड बरोबर निघाला तर पुढची एक ओळ ओलांडून जा. ती पुढची ओळ असते पॅम-डिनाय, म्हणजे सरसकट नकार. चुकलेला माणूस सरळ खाली येऊन नकारावर आदळतो आणि बरोबर असलेला उडी मारून पलीकडे जातो. आता या दोन ओळींच्या मध्ये कुणी नवी ओळ घातली आणि आकडा एकच ठेवला, तर बरोबर पासवर्डवाला नवी ओळ ओलांडतो आणि थेट नकारावर उतरतो. फाइलीतली प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे निर्दोष असते, प्रत्येक मॉड्यूल डिस्कवर असते, लॉगमध्ये ‘फॉल्टी’ असा शब्द कुठेही नसतो, तरीही प्रवेश मिळत नाही. अशा वेळी फाइल नुसती वाचून उपयोग नाही. बोट ठेवून, आकडे मोजत, एकदा बरोबर पासवर्डाच्या आणि एकदा चुकीच्या पासवर्डाच्या वाटेने तीमधून चालत जावे लागते.

पॅमकडे बोट दाखवण्याआधी दोन-तीन गोष्टी बाजूला काढाव्यात, कारण त्यांची लक्षणे सारखी दिसतात. ओपनएसएसएचने ८.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, एसएचए-१ या जुन्या, कमकुवत ठरलेल्या पद्धतीवर आधारलेली आरएसए कीची सही मूळ मांडणीत नाकारायला सुरुवात केली. जुन्या क्लायंटवरून येणाऱ्याची की अपग्रेडनंतर चालेनाशी होते ती यामुळे, आणि तिथे पॅमच्या फाइली कितीही चाळल्या तरी हाती काही लागत नाही. लॉगिन होते पण पंचवीस सेकंद खोळंबून होते, अशी तक्रार असेल तर सेशनच्या ओळीतले पॅम-सिस्टीमडी उत्तराची वाट पाहत बसलेले असण्याची शक्यता मोठी. अपग्रेडमध्ये डीबस (प्रोग्रामांमध्ये निरोप पोहोचवणारी) किंवा लॉगिनडी (लॉगिनची सत्रे सांभाळणारी) या सेवा अर्धवट पुन्हा सुरू झाल्या की असे होते. स्क्रीन लॉक उघडत नसेल आणि बाकी सगळे चालत असेल, तर तो प्रोग्राम अपग्रेडच्या आधीपासून चालू आहे का ते पाहावे, कारण जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसलेल्या प्रोग्रामला डिस्कवरची नवी मॉड्यूल्स जुळत नाहीत.

सगळीकडून दार बंद झालेच तर बूटच्या मेनूमध्ये कर्नलच्या ओळीला ‘इनिट’ म्हणजे सुरुवातीचा पहिला प्रोग्राम म्हणून थेट बॅश शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, देता येते. तिथे पॅमला कुणी विचारतच नाही. मूळ फाइलसिस्टीम लिहिण्यायोग्य करून घ्यायची, दुरुस्ती करायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. पण ती वेळ येऊ न देणे सोपे आहे. पॅम प्रवेशाच्या क्षणीच तपासते, आधीपासून आत असलेल्याला पुन्हा विचारत नाही. म्हणून या फाइलींना हात लावताना रूटचे एक टर्मिनल उघडे ठेवायचे आणि प्रयोग दुसऱ्या टर्मिनलवरून करायचे. फाइलीतला बदल पुढच्याच लॉगिनला लागू होतो, त्यासाठी काहीही पुन्हा सुरू करावे लागत नाही, त्यामुळे चूकही लगेच दिसते.

या साऱ्याच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसतो: ही फाइल कुणाची? सिस्टीम पुरवणाऱ्याची की सांभाळणाऱ्याची? दोघेही एकाच फाइलीत लिहितात तोपर्यंत प्रत्येक अपग्रेडला वाद ठरलेला. डेबियनने पॅम-ऑथ-अपडेट दिले, रेड हॅटने आठव्या आवृत्तीत जुन्या ऑथकॉन्फिगच्या जागी ऑथसिलेक्ट आणले. दोघांचाही उद्देश हाच की माणसाने फाइल हाताने न लिहिता आपली निवड सांगावी आणि फाइल अवजाराने तयार करावी. मॅकवर बोटाच्या ठशाने सुडो चालावे म्हणून लोक सुडोच्या फाइलीत एक ओळ घालत आणि सिस्टीमच्या अपडेटने ती पुसली जाई. २०२३ च्या सोनोमापासून अ‍ॅपलने ‘सुडो लोकल’ अशी वेगळी फाइल ठेवायची सोय केली, जिला अपडेट हात लावत नाही. ओपनसुसे पुरवठादाराच्या फाइली यूएसआरखाली आणि सांभाळणाऱ्याच्या ईटीसीखाली ठेवते व दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर ईटीसीतली मानते. ही विभागणी मला सर्वांत योग्य वाटते, पण ती करणाऱ्याने एक भान ठेवायला हवे: ईटीसीत उचलून ठेवलेली अख्खी जुनी प्रत पुरवठादाराच्या पुढच्या सगळ्या सुधारणा झाकून टाकते. म्हणून अपग्रेडनंतर आरपीएमन्यू किंवा डीपीकेजी-डिस्ट अशा शेपटाच्या फाइली उरल्या असतील तर त्या कचरा समजून पुसू नयेत. पुरवठादाराला काय बदल हवा होता तो त्यांतच लिहिलेला असतो आणि आपल्या प्रतीशी तो ओळ न् ओळ ताडून पाहण्याइतका वेळ काढायलाच हवा.

दुरुस्ती झाली हे ठरवण्याची माझी रीत मात्र बरोबर पासवर्डापासून सुरू होत नाही. एक चाचणीचे खाते घेऊन मी आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड देतो आणि नकार मिळतो का ते पाहतो. मग फेललॉकला त्या खात्याचे नाव देऊन चूक नोंदली गेली का ते तपासतो. ठरलेल्या संख्येइतक्या चुका करून झाल्या की बरोबर पासवर्ड देतो, तोही नाकारला गेला पाहिजे. नंतर नोंद पुसून तोच बरोबर पासवर्ड पुन्हा देतो, आता तो चालला पाहिजे. खाते मुदतबाह्य करून एकदा पाहतो, म्हणजे अकाउंटच्या ओळीही जिवंत आहेत हे कळते. कन्सोलवरचे लॉगिन, एसएसएच, सुडो आणि स्क्रीन लॉक यांच्या फाइली वेगवेगळ्या असल्यामुळे ही तपासणी प्रत्येकाची स्वतंत्रपणे करावी लागते. एकाची बरोबर निघाली म्हणून दुसऱ्याची गृहीत धरता येत नाही.